शब्दचर्चा : ‘घोणस’, ‘डुरक्या घोणस’ आणि ‘अजगराचे पिल्लू’

प्रश्न

सह्याद्रीतल्या एका डोंगरवाटेवर, दगडांच्या राशीलगत, साधारण दोन फूट लांबीचा, अंगाने जाडसर आणि तपकिरी रंगावर गडद ठिपके असलेला एक साप आमच्या गटाला दिसला. पुरेसे अंतर ठेवून आम्ही छायाचित्र घेतले आणि त्याला वळसा घालून पुढे गेलो. भटकंतीच्या नोंदवहीत मात्र एकाने ‘घोणस’, दुसऱ्याने ‘डुरक्या घोणस’ आणि तिसऱ्याने ‘अजगराचे पिल्लू’ असे लिहिले आहे. डुरक्या घोणस हा घोणशीचाच एक प्रकार समजायचा का? शिवाय ‘घोणस’ हा शब्द स्त्रीलिंगी लिहावा की पुल्लिंगी, याबद्दलही आमच्यात मतभेद आहेत. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर

डुरक्या घोणस हा घोणशीचा प्रकार नाही, हे आधी स्पष्ट करतो, कारण या नावामुळे होणारा घोटाळा जिवावर बेतू शकतो. मराठीत अशा जोडनावातला शेवटचा शब्द मुख्य असतो, म्हणजे रानमांजर हे मांजरच असते आणि पट्टेरी मण्यार ही मण्यारच असते. त्यामुळे ‘डुरक्या घोणस’ हे नाव ऐकणारा माणूस साहजिकच तिला घोणस समजतो. प्रत्यक्षात डुरक्या हा मांडुळाचा जवळचा नातेवाईक असून पूर्णपणे बिनविषारी आहे, तर घोणस ही नाग, मण्यार आणि फुरसे यांच्याबरोबर ज्या चार सापांमुळे आपल्याकडे सर्वाधिक मृत्यू होतात त्यांपैकी एक आहे. घोणस समजून डुरक्या मारला जातो, हे वाईटच. पण ‘ही घोणस बिनविषारी असते’ असे अर्धवट ऐकलेला माणूस खऱ्या घोणशीला हात लावायला धजावतो, हे त्याहून भयंकर आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, नोंद करताना नुसते ‘डुरक्या’ लिहावे आणि ‘घोणस’ हा शब्द घोणशीसाठीच राखून ठेवावा.

आता छायाचित्रात काय पाहायचे ते सांगतो. घोणशीच्या पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, एक कण्यावरून आणि दोन बाजूंनी जाणाऱ्या. प्रत्येक ठिपका आत तपकिरी असतो, त्याला काळी कड असते आणि त्या काळ्या कडेबाहेर बहुधा पांढरट बारीक रेघ असते. मधल्या ओळीतले ठिपके पुष्कळदा एकमेकांना चिकटून साखळीसारखे दिसतात. डोके चपटे आणि त्रिकोणी असते, मान अरुंद असल्यामुळे ते वेगळे उठून दिसते आणि डोक्यावर मोठ्या खवल्यांऐवजी अंगावर असतात तसे बारीक खवले असतात. डुरक्याच्या अंगावरचे डाग मात्र वेडेवाकडे, कडा फाटल्यासारखे असतात आणि एकमेकांत मिसळून नागमोडी पट्टा झालेले दिसतात. त्याचे डोके मानेपासून फारसे वेगळे कळत नाही, डोळे बारीक असतात आणि शेपटी अगदी आखूड, टोकाशी निमुळती व खरखरीत असते. आवाजाचाही उपयोग होतो. डिवचलेली घोणस अंगाचे वेटोळे करून प्रेशर कुकरच्या शिटीसारखा मोठा, लांबलेला फूत्कार सोडते, आणि तो ऐकू आला की ओळख पटवत बसण्याची गरज उरत नाही. उलट ती गप्प पडून आहे म्हणून ती घोणस नव्हे, असा निष्कर्ष मात्र कधीही काढू नये.

‘अजगराचे पिल्लू’ ही नोंद मला सर्वांत जास्त खटकली. घोणस अंगाने जाड असते, दिवसा पुष्कळदा सुस्त पडलेली असते आणि तिच्या अंगावर डाग असतात, म्हणून तिला अजगराचे पिल्लू समजून उचलण्याचे आणि त्यात दंश होण्याचे प्रकार खरोखर घडतात. अजगराचे डाग मोठे, ओबडधोबड आकाराचे असतात, त्याचे खवले गुळगुळीत व चकचकीत असतात आणि डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण असते. अंड्यातून बाहेर पडलेले अजगराचे पिल्लूच मुळी दीड-दोन फुटांचे असते; याउलट घोणस पिल्लांनाच जन्म देते आणि ती जन्मतः वीतभरापेक्षा थोडीच मोठी असतात. त्यामुळे फूटभर लांबीच्या ठिपकेदार सापाला कोणी अजगराचे पिल्लू म्हणत असेल, तर ते म्हणणे लांबीवरच फेटाळता येते. घोणशीची पिल्ले उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या सुरुवातीला जन्मतात, म्हणजे नेमक्या भटकंतीच्या हंगामात, आणि ती जन्मापासूनच विषारी असतात.

पुरवणी : लिंगाबद्दल

‘घोणस चावली’ आणि ‘घोणस चावला’ असे दोन्ही प्रयोग रूढ आहेत, त्यामुळे सामान्यरूपेही दोन होतात, ‘घोणशीने’ आणि ‘घोणसाने’. यांपैकी एकालाच शुद्ध ठरवण्याचा आग्रह मी धरणार नाही. मात्र एका लेखात एकच रूप शेवटपर्यंत ठेवावे. ‘फुरसे’ हा शब्द नपुंसकलिंगी असून त्याचे अनेकवचन ‘फुरशी’ आणि सामान्यरूप ‘फुरशाने’, ‘फुरशाला’ असे होते. कवड्या, गवत्या, मांजऱ्या, दुतोंड्या ही नावे पुल्लिंगी आहेत आणि ती कवडी, गवत, मांजर, दोन तोंडे अशा ओळखीच्या शब्दांवरून घडलेली आहेत. डुरक्या त्यांच्याच पंक्तीत बसतो, म्हणून तो एकटा लिहिला तरी कानाला अपुरा वाटत नाही.

व्याकरणातले लिंग आणि प्राण्याचे लिंग यांत गल्लत झाली की काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे धामण. शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे धामण ही नागाची मादी, असा समज अनेक गावांत पक्का बसला आहे. वास्तविक नाग आणि धामण या दोन वेगळ्या जाती आहेत, नागाची मादीही फणाच काढते आणि धामणींत नर-मादी दोन्ही असतात. धामणीचे दोन नर एकमेकांना पीळ घालून अंगाचा पुढचा भाग उंच उचलतात, ती झुंज असते. पाहणारे तिला नाग-धामणीचे मीलन समजतात. ‘नर धामण’ हा शब्दप्रयोग काहींना विचित्र वाटतो, पण तो अचूक आहे आणि बिनदिक्कत वापरावा. धूळनागिणीचेही तसेच आहे. नावात ‘नागीण’ असली तरी ती बिनविषारी आहे आणि तिचा नागाशी संबंध नाही.

उपप्रश्न

नोंदवहीत ‘हिरवा साप, निमविषारी’ अशीही एक नोंद आहे. ‘निमविषारी’ हा शब्द योग्य आहे का?

उत्तर

शब्द रूढ आहे आणि तो टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही, परंतु ‘निम’ म्हणजे निम्मे, म्हणून विषाचे प्रमाण निम्मे असा अर्थ वाचक घेतात, तो चुकीचा आहे. या सापांचे विषदंत जबड्याच्या मागच्या भागात असतात आणि त्यांचे विष सरडे, बेडूक यांसारख्या लहान भक्ष्यावर परिणामकारक ठरते, माणसाला सहसा धोका होत नाही. हरणटोळ हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. पण डोंगरातला प्रत्येक हिरवा साप हरणटोळ नसतो. हरणटोळ चाबकासारखा बारीक आणि लांब असतो, त्याचे तोंड टोकदार व डोळ्याची बाहुली आडवी असते. चापडा हिरवाच, पण आखूड आणि जाडसर असतो, त्याचे डोके त्रिकोणी व बाहुली उभी असते, आणि तो झुडपावर किंवा बांबूवर, आधारासाठी आपण हात टाकतो नेमक्या त्या उंचीवर, तासन्‌तास निश्चल बसून राहतो. चापडा विषारी आहे. तेव्हा केवळ रंगावरून ‘निमविषारी’ लिहिणे धोक्याचे आहे. त्यापेक्षा डोक्याचा आकार आणि अंगाची जाडी लिहावी.

आणखी एक भर

या चर्चेत ‘पान लागणे’ हा प्रयोगही यायला हवा. सापाचे नाव घेऊ नये या भावनेतून ग्रामीण भागात ‘साप चावला’ न म्हणता ‘पान लागले’ म्हणतात, आणि सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणतात. हे शब्द जपावेत असेच मला वाटते, कारण त्यांत सापाबद्दलचा धाक आणि आदर दोन्ही आहेत. परंतु 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवताना किंवा रुग्णालयात सांगताना ‘साप चावला’ असेच स्पष्ट म्हणावे, दंशाची वेळ सांगावी आणि दुरून घेतलेले छायाचित्र असल्यास दाखवावे. नाव खात्रीने माहीत नसेल तर अंदाजाने सांगू नये. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर एकत्रितपणे काम करते आणि डॉक्टर उपचार लक्षणांवरून ठरवतात, त्यामुळे नाव कळावे म्हणून सापाच्या मागे जाण्याचे, त्याला पकडण्याचे किंवा मारण्याचे काहीच कारण नाही.