चिकनगुनियानंतरची सांधेदुखी आणि कॉर्डिसेप्सच्या कॅप्सूल: मदत हवी आहे

मंडळी, मिरजेहून लिहिते आहे. सासूबाईंना पावसाळ्यात चिकनगुनिया झाला. ताप उतरला, पण सांधे अजून धरलेलेच. सकाळी उठल्यावर बोटं मिटत नाहीत, भाकरी थापणं बंद झालंय. धाकट्या भाऊजींनी आईच्या काळजीपोटी कॉर्डिसेप्स बुरशीच्या महागड्या कॅप्सूल मागवल्यात. डबीवर 'डासांमुळे होणाऱ्या विषाणूंवर सिद्ध' असं छापलंय.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे, त्यामुळे बुरशीला कमी लेखणार नाही. पेनिसिलीन बुरशीनेच दिलं. कॉर्डिसेप्समधल्या कॉर्डिसेपिनने डेंग्यूचा विषाणू रोखल्याचा शोधनिबंध २०२१ मध्ये आला, हेही खरं. पण तो प्रयोग माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवरचा. माणसाच्या रक्तात अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज नावाचं एन्झाइम या द्रव्याचं झपाट्याने निष्प्रभ द्रव्यात रूपांतर करून टाकतं. शिवाय अभ्यास डेंग्यूचा आणि आमच्या घरी आजार चिकनगुनियाचा! दोन्ही पसरवणारा एडिस डास एकच, पण विषाणूंची कुळं पार वेगळी.

लोवास्टॅटिनचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. हेही बुरशीतूनच मिळालेलं, कोलेस्टेरॉलवरचं औषध. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या ३०० प्रौढ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये निष्कर्ष आले. औषध सुरक्षित ठरलं, पण आजारावर फायदा दिसला नाही. बुरशीतूनच मिळणारं मायकोफिनॉलिक आम्लही प्रयोगशाळेत डेंग्यूला अडवतं, पण तेच मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात. 'नैसर्गिक' म्हणून ते कुणी असंच घ्यावं का?

आता प्रश्न. कॉर्डिसेपिनची चिकनगुनियाच्या रुग्णांवर चाचणी झाल्याचं कुणाच्या वाचनात आहे का? सासूबाईंना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्याबरोबर या कॅप्सूल घेतल्या तर साखर फार खाली जाण्याची भीती आहे का? इथे कुणी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट असाल तर कृपया सांगा. तोवर डबी मी कपाटात ठेवली आहे.

आणि ज्यांच्या घरी चिकनगुनियानंतर सांधे असेच महिनोन्‌महिने दुखले, त्यांनी संधिवाततज्ज्ञांना कधी दाखवलं, व्यायाम कोणते दिले, शेकाने आराम पडला का, हे जरूर लिहा. भाऊजींना न दुखावता हे कसं सांगावं, तेही सुचवा. आईसाठी जीव टाकणारा मुलगा आहे तो.