घोडा की चाप? लिव्हर ॲक्शन रायफल आणि ‘ट्रिगर पुल’

प्रश्न :
अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या, १९०० च्या आसपास घडणाऱ्या एका कथेचा अनुवाद करते आहे. त्यात एक म्हातारा बंदूक-कारागीर गिऱ्हाइकाची विंचेस्टर १८९४ ही लिव्हर ॲक्शन रायफल उघडून तिचा ‘ट्रिगर पुल’, म्हणजे ट्रिगर ओढताना बोटाला लागणारा जोर आणि ट्रिगरची चाल, सुधारून देतो. दोन पानं याच कामाची आहेत. मी सगळीकडे ‘घोडा ओढला’ लिहिलं होतं, संपादकांनी ते ‘चाप ओढला’ केलं. मग ‘हॅमर’ला काय म्हणायचं? शिवाय ‘पुल’साठी ‘ओढ’ लिहिलं की वाक्य भलतीकडेच जातं. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद :
संपादकांचं बरोबर आहे. बोटाने ओढतो तो चाप. मागच्या बाजूला उभा असतो, अंगठ्याने चढवतात आणि सुटल्यावर टोला देतो तो घोडा. बोलताना आपण सर्रास ‘घोडा दाबला’ म्हणतो, बातम्यांतही तसंच छापून येतं आणि एरवी ते खपतंही. तुमच्या कथेत मात्र खपणार नाही. या रायफलीचा घोडा बाहेर, डोळ्यांसमोर असतो. चापाभोवतीचा दांडा, म्हणजे लिव्हर, खाली ढकलली की काडतूस नळीत सारणारा बोल्ट मागे येतो आणि जाता जाता घोड्याला चढवतो. पात्र एकाच वाक्यात घोडाही हाताळणार आणि चापही. दोघांना एकच नाव दिलंत तर कोण काय करतंय ते कळायचं नाही. ठासणीच्या बंदुकीलाही घोडा बाहेरच असतो, त्यामुळे ‘घोडा चढवणे’ आणि ‘घोडा उतरवणे’ ही क्रियापदं आपल्याकडे तयार आहेत. तीच वापरा.

प्रतिसाद :
मी नेमबाजी करतो. रेंजवर चाप हा शब्द कुणी वापरत नाही, सगळे ‘ट्रिगर’च म्हणतात. पण त्याबद्दल बोलतात ते अस्सल मराठीत : जड आहे, हलका केला, खरखरतो, रखडतो. तेव्हा ‘पुल’ला एक नाम शोधत बसू नका. वजनाबद्दल असेल तिथे ‘चापाचा भार’ लिहा. आमच्याकडे तो वजन टांगून तपासतात. १० मीटर एअर पिस्तुलात तो किमान ५०० ग्रॅम लागतो, २५ मीटर पिस्तुलात १००० ग्रॅम. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तो हाच २५ मीटरचा प्रकार. कथेत साडेचार पौंड असेल तर तो साधारण दोन किलो भार झाला. शिकारीच्या रायफलीला तो चांगलाच म्हणायचा.

भाराइतकीच चालही महत्त्वाची. बोट टेकवल्यावर चाप आधी काही न अडता थोडा मागे येतो, ती मोकळी चाल. मग भार जाणवायला लागतो आणि तो कणाकणाने सरकतो, ते रखडणं. मग सुटतो. सुटल्यावरही मागे जात राहिला तर नेम हलतो. म्हातारा यातलं नेमकं काय सुधारतो ते मूळ मजकुरात पाहा आणि तेवढंच क्रियापद घ्या.

प्रश्नकर्ती :
‘रखडणं’ फारच चपखल! मूळ वाक्याचा भाव असा : आधी चाप वाळूतून ओढल्यासारखा यायचा, आता काचेची कांडी मोडावी तसा सुटतो. शिवाय ‘सिअर’ नावाचा एक भाग आहे. त्याला काय म्हणू?

प्रतिसाद :
सिअरला माझं मत ‘खिट्टी’ला. घोड्याच्या बुडाशी एक खाच असते, खिट्टीची धार तिच्यात अडकून चढलेला घोडा धरून ठेवते आणि चाप ओढला की तिथून निसटते. रखडतो तो इथेच : धार खडबडीत असेल, खाच खोल असेल किंवा जुनं तेल घट्ट होऊन बसलं असेल. म्हाताऱ्याच्या हातात कानस देऊ नका. हे काम बारीक ऑइलस्टोनचं, म्हणजे तेल लावून घासायच्या दगडाचं, आणि तेही धारेचा कोन न बदलता. कोन बिघडला की घोडा नुसत्या धक्क्यानेही सुटतो. दगड जास्त चालला तर पाणी देऊन कडक केलेला वरचा पातळ थर जातो, खालचं मऊ लोखंड उघडं पडतं आणि खाच भराभर झिजते. घोड्यामागच्या सपाट पट्टीच्या स्प्रिंगला ‘कमान’ म्हणा. ती मऊ केली तरी चाप हलका होतो, पण फार मऊ केली तर टोला कमी पडतो आणि काडतूस पेटतच नाही.

एक बारकावा. १८९४ मध्ये लिव्हर दस्त्याकडे पूर्ण दाबून धरल्याशिवाय चाप हलत नाही. म्हातारा चाप तपासतो तिथे त्याची मूठ लिव्हरवर आवळलेली हवी.

प्रतिसाद :
काचेच्या कांडीची उपमा शब्दशः आणली तर फुटल्याचा आवाज ऐकू येतो आणि नुकसान झाल्यासारखं वाटतं. इथे ‘टचकन’ घ्या. बाजारात कोवळ्या भेंडीचं टोक मोडून बघतो, तेव्हा ते जसं न वाकता तुटतं, तो भाव त्यात आहे. अर्थात भेंडी कथेत नको, नुसतं टचकन पुरे. माझी सुचवणी : ‘आधी चाप वाळूतून ओढल्यासारखा रखडायचा. आता बोटाला भार जाणवतो न जाणवतो तोच टचकन सुटत होता.’

प्रश्नकर्ती :
दोन्ही वाक्यं घेते, मनापासून आभार. शेवटचं एक : काम संपल्यावर तो रायफल ‘हाफ कॉक’वर ठेवून गिऱ्हाइकाला देतो.

प्रतिसाद :
‘घोडा अर्धा चढवून’. बुडाशी आणखी एक, जास्त खोल खाच असते. घोडा तिच्यात बसला की चाप ओढूनही सुटत नाही. मात्र ‘अर्धवट चढवून’ लिहू नका, काम अपुरं सोडल्यासारखं होतं.