मदत हवी आहे: ग्लूटेन-फ्री पेने सॉसमध्ये तुटतो

मका-तांदळाच्या पिठाचा पेने (नळीच्या आकाराचा पास्ता) मारिनारा या टोमॅटो सॉसमध्ये घोळवला की तुकडे होतात. जाणकारांनी कृपया उपाय सुचवा.

सॉस इटालियन-अमेरिकन पद्धतीचा: ८०० ग्रॅम सोललेले डबाबंद टोमॅटो हाताने चुरडून, पाव वाटी ऑलिव्ह ऑइल, लसणाच्या ६ पाकळ्या, चिमूटभर चिली फ्लेक्स, बेसिलची एक डहाळी. लसूण तांबूस व्हायच्या आत टोमॅटो घालायचे, नाहीतर कडवटपणा जात नाही. मंद आचेवर २५ मिनिटं. कडेला केशरी तेल सुटलं की झाला. चव सुरेख येते.

घोळ पास्त्याचाच आहे. ३५० ग्रॅमला ४ लिटर पाणी घेऊन, पाकिटावरच्या वेळेच्या २ मिनिटं आधी काढला तर आत पांढरा कच्चा ठिपका राहतो आणि बाहेरून पीठ सुटतं. स्टार्च धरून ठेवणारी ग्लूटेनची (गव्हातल्या चिवट प्रथिनाची) जाळी नाही, हे कारण कळतं. मग तो पातेल्यातच पूर्ण शिजवून वरून सॉस ओतावा का? पास्त्याचं पाणी किती घालावं? अर्ध्या वाटीनेही सॉस खळीसारखा चिकट होतो.

खाणाऱ्याला सीलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) आहे, त्यामुळे गहू, रवा अजिबात चालणार नाही. चण्याच्या पिठाचा पास्ता जास्त टिकतो का, तेही सांगा. आणि डब्यात नेल्यावर कडक होतो, त्यावर काही?