मदत हवी आहे: एव्हरेस्ट बेस कॅम्पसाठी एकच जादा दिवस, कुठे ठेवू?

मंडळी, ऑक्टोबरअखेर मी आणि धाकटा भाऊ एव्हरेस्ट बेस कॅम्पला (5,364 मी) निघतोय. मुंबई ते मुंबई 15 दिवस, रजा आणखी वाढणार नाही. गाईड-पोर्टर ठरलेत, 6,000 मीटरपर्यंतचा विमा काढलाय.

आखणी अशी: विमानाने लुक्ला, मग पायी फाकडिंग, नामचे (2 रात्री), तेंगबोचे, डिंगबोचे (2 रात्री), लोबुचे, गोरकशेप. दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थर (एव्हरेस्ट दिसतं ती गोरकशेपजवळची टेकडी) करून फेरिचेला उतरायचं, मग नामचे, लुक्ला. सगळं धरून एक दिवस उरतो आणि तिथेच अडलंय.

मागच्या वर्षी रूपिन पासला (हिमालयातली उंच खिंड) वरच्या कॅम्पवर माझं डोकं रात्रभर ठणकत होतं. बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी कपाळात कळ जायची. खाली उतरल्यावरच थांबलं. मला सल्फाची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे डॉक्टरांनी डायमॉक्सला (उंचीचा त्रास टाळायची गोळी) नाही म्हटलंय. म्हणून डिंगबोचे (4,410 मी) ते लोबुचे (4,940 मी) ही एका दिवसातली चढाई मला खुपते. मध्ये थुकलाला (साधारण 4,620 मी) एक रात्र काढावी असं वाटतं.

पण मग परतीला लुक्लात राखीव दिवस उरत नाही. ढग उतरले की तिथली विमानं बंद, आणि हेलिकॉप्टर आमच्या खिशाबाहेरचं. सीझनमध्ये विमान रामेछापला उतरतं, तिथून काठमांडूचा रस्ता चार-पाच तासांचा, तोही धरलाय.

ज्यांनी गोळीशिवाय हा ट्रेक केलाय त्यांनी सांगा: तो एक दिवस थुकलाला घालवू की लुक्लासाठी राखून ठेवू?