मदत हवी आहे: मराठी शब्दफळ्यावर क्रियापदं कुठे ठेवायची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली ७ वर्षांची मुलगी. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), शब्द उमटत नाहीत, समज चांगली. कान-डोळे तपासलेत, ठीक आहेत. उजव्या मुठीने दाखवते. ५ सेंटिमीटरपेक्षा लहान चौकोनावर नेम बसत नाही. म्हणून तिच्या शब्दफळ्यावर, म्हणजे बोलण्याऐवजी शब्द दाखवायच्या आडव्या ए-फोर कागदावर, २०च चौकोन.

आयआयटी मुंबईचं मोफत, चित्र दाबलं की शब्द बोलणारं जेलो अ‍ॅप टॅबवर आहे, मराठी आवाजही ऑफलाइन उतरवलाय. पण अंगणात उन्हात पडदा दिसत नाही आणि भारनियमनात चार्जिंग होत नाही, त्यामुळे मुख्य आधार कागदी फळ्याचाच. लॅमिनेशन मॅट करा, चकचकीत उन्हात तेवढंच त्रासदायक.

अडचण मांडणीची. इंग्रजी नमुन्याप्रमाणे डावीकडे माणसं (पिवळी), मग क्रियापदं (हिरवी), मग वस्तू (केशरी) लावली. पण ‘मले पाणी दे’ म्हणताना मोठ्यांचं बोट पिवळ्यावरून केशरीवर जातं आणि परत हिरव्यावर येतं. आजी या घोळात दाखवणंच सोडते, नुसतं बोलते. मोठ्यांनी बोलताना दाखवलं नाही, तर पोरगी फळा वापरायला शिकणार कशी?

शब्द घरचे वऱ्हाडीच राहतील, ते ठरलंय.

हिरवा रकाना उजव्या टोकाला नेला तर वाक्य सरळ वाचता येईल. पण २ महिन्यांत तिच्या हाताला सध्याच्या जागा पाठ झाल्यात. आता हलवावं का? हलवायचं तर एकदम की एकेक शब्द? आणि दे, देते, देला यांना वेगळे चौकोन द्यावेत, की एकच ‘दे’ ठेवून रूप मोठ्यांनी बोलावं?