'व्हॉइस बँक'साठी आवाज द्यावा का? मराठी व्हीओ, डबिंग आणि एआय

खर्जसाधक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. व्हॉइस ओव्हर आणि डबिंगमधल्या जाणकारांचं मत हवं आहे.

एका एजन्सीकडून मराठी ई-लर्निंगचं काम आलंय. मानधन नेहमीचंच, पण करारात दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. धड्यांच्या स्क्रिप्टखेरीज वेगळी वाक्यं वाचून तीन तासांचं कोरडं रेकॉर्डिंग मागितलंय, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, मागे संगीत नको. कारण दिलंय 'गुणवत्ता सुधारणा'. आणि एक कलम असं: "आवाजाचे सर्व हक्क, सध्याच्या व भविष्यातील सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, जगभर."

हे क्लोनिंगसाठीच, म्हणजे माझ्या आवाजाची एआय नक्कल बनवून त्यांच्या 'व्हॉइस बँके'त ठेवण्यासाठीच आहे ना? कायद्याने काही आधार मिळतो का? आणि मराठीत एआयमुळे नेमकी कोणती कामं जाणार, कोणती राहणार?

मध्यलय

हो, क्लोनिंगसाठीच. कामचलाऊ नक्कल एक-दोन मिनिटांच्या नमुन्यावरही होते, पण विकता येईल अशा दर्जाचा क्लोन हवा असेल तर जास्त माल लागतो. एआय आवाज बनवणाऱ्या इलेव्हनलॅब्जसारख्या कंपन्या व्यावसायिक क्लोनसाठी निदान अर्धा तास आणि शक्यतो दोन-तीन तासांचा स्वच्छ ऑडिओ मागतात. तुमच्याकडे मागितलेला आकडा तिथूनच आलेला दिसतो.

खात्री करायची तर वाचायला दिलेली वाक्यं बघा. एकमेकांशी संबंध नसलेली वाक्यं, मधूनच आकडे, तारखा, प्रश्न, उद्गार, ळ-ण-ज्ञ-क्ष मुद्दाम पेरलेले, असं असेल तर ती सगळे ध्वनी गोळा करायची यादी आहे. ई-लर्निंगच्या कुठल्याही धड्याला असली यादी लागत नाही.

घरच्या स्टुडिओतून काम देत असाल तर फक्त मंजूर झालेला टेक (रेकॉर्डिंगचा एक प्रयत्न) पाठवा. जादा टेक आणि अख्खं सेशन पाठवू नका. वेबसाइटवरच्या डेमोत सलग कोरडा आवाज ठेवू नका, खाली संगीत असू द्या. संगीत वेगळं काढणारी साधनं आहेत, त्यामुळे हे काही कुलूप नव्हे. पण वेगळं काढलेल्या आवाजात खरखर राहते आणि क्लोनचा दर्जा उतरतो.

कलमबहाद्दर

कायद्याचं सांगतो. करार मात्र वकिलाला दाखवाच.

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये 'आवाज' अशी मालमत्ता नाही. हक्क आहे तो सादरीकरणाचा, कलम ३८ आणि ३८अ खाली, ५० वर्षांसाठी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३९अ मुळे हक्क-हस्तांतरणाची १८ आणि १९ ही कलमंही कलाकारांच्या हक्कांना लागू होतात. त्यातला कलम १८ चा मुद्दा तुमच्या कामाचा आहे. करार करताना जे माध्यम किंवा वापराची जी पद्धत अस्तित्वात नव्हती किंवा व्यापारी वापरात नव्हती, तिला हस्तांतरण लागू होत नाही. अपवाद एकच, ती करारात स्पष्टपणे नमूद असेल तर. म्हणजे दहा वर्षांपूर्वी डब केलेल्या मालिकेचे ट्रॅक कोणी आज क्लोनिंगला वापरत असेल, तर या तरतुदीवर भांडता येतं. आजच्या कराराला मात्र ती ढाल पुरणार नाही, कारण क्लोनिंग आज सर्रास व्यापारी वापरात आहे.

कलम १९ म्हणतं की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर समोरचा 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द आवर्जून घालतो. सही करण्यापूर्वी पहिल्यांदा तेच खोडायचे.

चित्रपटाच्या डबिंगसाठी आणखी एक. ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीत ज्याचं नाव येत नाही, त्याला कायदा बहुतेक बाबतींत 'कलाकार' धरतच नाही. त्यामुळे शेवटच्या पाटीत नाव मागणं हा मानापमानाचा विषय नाही, हक्काचा पुरावा आहे. लहान भूमिका करणाऱ्यांनी तर ते लेखीच घ्यावं.

आता कोर्टाचे निकाल. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूने आणि पुढे २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने, परवानगीशिवाय एआयने आवाजाची नक्कल करण्याला मनाई केली. दोन्ही आदेश मोलाचे आहेत. पण ते आवाज लोक डोळे मिटून ओळखतात. ज्याचा आवाज रोज बँकेच्या फोनवर ऐकू येतो पण नाव कोणालाच माहीत नाही, त्याला प्रसिद्धीच्या मुद्द्यावर उभं राहणं कठीण. त्याची भिस्त करारावरच.

अनुस्वार

तिसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे कोणतं काम जातंय.

आयव्हीआर (फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' सांगणारा आवाज), कंपन्यांची अंतर्गत प्रशिक्षणं, प्रॉडक्टची माहिती देणारे व्हिडिओ, जाहिरातीचा स्क्रॅच ट्रॅक (कच्चा, तात्पुरता आवाज): हे यंत्राकडे चाललंय, काही ठिकाणी गेलंही आहे. खर्चाची अडचण उरलेली नाही. सरकारचा भारतीय भाषांसाठीचा 'भाषिणी' प्रकल्प आहे, आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतने मराठी बोलणारी मॉडेलं खुली ठेवली आहेत. मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते हे की नव्या मुलामुलींना पहिली संधी याच कामांत मिळायची. माइकपासून किती अंतर, 'प'चा फटका कसा टाळायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे सगळं तिथे पैसे घेत शिकता यायचं. वरची कामं टिकली तरी तिथवर पोचणार कोण आणि कसं, याची चिंता संघटनांनी आताच केली पाहिजे.

आता यंत्र मराठीत कुठे अडखळतं. बहुभाषी मॉडेलांना देवनागरीचा बहुतांश सराव हिंदीवर झालेला असतो. म्हणून 'कृपया'चं 'क्रिपया' होतं, 'ज्ञान'चं 'ग्यान', 'फळ' म्हणताना ओठ न मिटता इंग्रजी एफ येतो, 'ळ'चा 'ल' होतो. 'संशय' आणि 'सिंह' यांतला अनुस्वार हिंदी वळणाने जातो. आणि सगळ्यात अवघड दंत्य-तालव्य, म्हणजे च-ज-झ म्हणताना जीभ दातांकडे की टाळूला. 'चार' आणि 'चारा', 'माझी' आणि 'माझा' यांतला फरक लिपीत दिसतच नाही, तो कानानेच कळतो. दुरुस्त करणारे 'क्रुपया', 'द्न्यान' असं उच्चारी लिहून देतात. दंत्य ज साठी नुक्ता (अक्षराखाली टिंब) देऊन 'ज़' लिहिलं की काम बरंचसं भागतं. दंत्य च ला तशी सोय नाही. 'त्स' लिहून कधी जमतं, कधी 'त' आणि 'स' सुटे ऐकू येतात.

पण खरं सांगू का, उच्चार दोन-चार वर्षांत सुधारतील. त्यावर पोटापाण्याची मदार ठेवू नका.

जास्त टिकाऊ अडचण अनुवादाची आहे. इंग्रजी 'वी' आलं की 'आपण' की 'आम्ही', हे प्रसंग बघितल्याशिवाय ठरत नाही. 'आय ॲम गोइंग'चं 'जातो' की 'जाते', हे नुसत्या मजकुरावरून कळत नाही आणि यंत्र बहुधा पुल्लिंगी धरून चालतं. सुनेने सासूला 'तू' म्हटलं की मराठी घरात तो प्रसंगच वेगळा होतो. लिप-सिंकमध्ये, म्हणजे संवाद ओठांशी जुळवताना, पडद्यावर ओठ मिटतात तिथे प-फ-ब-भ-म पैकी काहीतरी यावं लागतं, आणि आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी, त्यामुळे ओळ पुन्हा रचावी लागते. यंत्र ओळ रचत बसत नाही, वेग वाढवून कोंबतं. म्हणून पात्रांचं डबिंग, डबिंगसाठी संवादलेखन आणि डबिंग डायरेक्शन इथे माणूस लागतो. तिथे हात बसवा.

खर्जसाधक

खूप आभार. आवाज द्यायचाच झाला, तर कोणत्या अटींवर? आणि त्याच एजन्सीने पर्याय म्हणून 'एआय ट्रॅक तपासून द्या' असंही काम देऊ केलंय, मिनिटाच्या हिशेबाने.

कलमबहाद्दर

अमेरिकेत सॅग-आफ्ट्रा या अभिनेत्यांच्या संघटनेच्या कलाकारांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप करून जे मिळवलं, त्यातलं एक इथे जसंच्या तसं उचलण्यासारखं आहे: डिजिटल प्रतिकृतीला वेगळी संमती, आणि वापर कशासाठी ते नेमकेपणाने लिहिलेलं. आपल्या करारात असं घाला:

"सदर रेकॉर्डिंग फक्त या प्रकल्पासाठी वापरले जाईल. त्यावरून कृत्रिम आवाज तयार करणे, मॉडेल प्रशिक्षित करणे किंवा त्यासाठी तिसऱ्या पक्षास देणे यांस कलाकाराच्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय मनाई आहे."

हे मान्य होत नसेल तर तीन तासांचं रेकॉर्डिंग देऊ नका. ई-लर्निंगचं काम त्याशिवाय होतं.

क्लोन द्यायचाच असेल तर तो वेगळा करार, वेगळे पैसे. मुदत एक वर्ष. तयार होणाऱ्या ऑडिओच्या दर मिनिटाला मोबदला आणि दर महिन्याला किती मिनिटं बनली याचा हिशेब. राजकीय प्रचार, धर्म, औषधं, कर्ज आणि सट्टा यांना बंदी. मुदत संपली की मूळ रेकॉर्डिंग आणि त्यावरून बनलेलं मॉडेल, दोन्ही पुसल्याचं लेखी पत्र. लोक नुसत्या फाइल पुसायला सांगतात आणि मॉडेल तसंच राहतं. आधी प्रसारित झालेल्या ऑडिओचं काय करायचं, तेही त्याच करारात येऊ द्या.

अनुस्वार

तपासणीबद्दल: तयार ऑडिओच्या मिनिटावर दर घेऊ नका. दहा मिनिटांचा ट्रॅक मूळ स्क्रिप्टसमोर ठेवून ऐकायचा, चुकीचे शब्द टाइमकोडसह (ट्रॅकमध्ये कितव्या मिनिट-सेकंदाला ते) लिहायचे, उच्चारी लिहून पुन्हा बनवून घ्यायचे आणि जोड ऐकू येत नाहीत ना हे बघायला पुन्हा सगळं ऐकायचं. स्क्रिप्टच यंत्राने अनुवादलेली असेल तर याच्या आधी ती नव्याने लिहावी लागते. दर तासाचा ठरवा, पुन्हा बनवून घेण्याच्या फेऱ्या दोनच धरा, आणि सुरुवातीला दोन मिनिटांचा तुकडा मागून घ्या. त्यात ओळीमागे एक चूक निघाली तर सरळ सांगा की हे माणसाकडूनच रेकॉर्ड करून घ्या. तेवढ्या वेळात अख्खा धडा रेकॉर्ड होतो.