मदत हवी आहे: आकडे चांगले, पण कोडबुकातून मालवणी बोलणं बिघडून येतंय

नमस्कार मंडळी,

मालवण-सर्जेकोटच्या मासेमारी होड्यांसाठी कमी बिटांचा स्पीच कोडेक (बोलणं थोड्या बिटांत दाबून पाठवणारा आणि पलीकडे परत उभा करणारा प्रोग्राम) करतेय. होडी खोल पाण्यात गेली की मोबाइलची रेंज जाते. तेव्हा तांडेलाचा (होडीच्या प्रमुखाचा) निरोप त्याच्याच आवाजात रेडिओवरून बंदरात पोचावा, एवढंच हवंय. साध्या टेलिफोनचे सेकंदाला ६४ किलोबिट तिथे परवडत नाहीत, मला दोन-अडीच किलोबिटांत बसायचंय.

सेकंदाला ८००० सॅम्पल, २० मिलिसेकंदांची फ्रेम, दहाव्या ऑर्डरचं एलपीसी (आधीच्या सॅम्पलांवरून पुढच्याचा अंदाज बांधून स्पेक्ट्रमचा, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर याचा, आकार काढणारी पद्धत). त्यातून निघणाऱ्या १० एलएसएफना (तो आकार सांगणाऱ्या फ्रिक्वेन्सींना) मिळून दर फ्रेमला २४ बिट. सलग एकच कोडबुक (ठरावीक नमुन्यांची यादी, आकड्यांऐवजी फक्त नमुन्याचा क्रमांक पाठवायचा) केलं तर १ कोटी ६७ लाखांवर व्हेक्टर, म्हणजे नमुने, होतात, ते साठवायचे कुठे आणि शोधायचे कधी? म्हणून पहिले ४ आणि नंतरचे ६ असे दोन भाग केलेत, प्रत्येकी १२ बिट म्हणजे ४०९६ व्हेक्टर. ट्रेनिंग, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या बोलण्यावरून हे व्हेक्टर ठरवणं, एलबीजी पद्धतीने (लिंडे, बुझो, ग्रे, १९८०).

स्पेक्ट्रल डिस्टॉर्शन (मूळ आणि कोडबुकातून आलेल्या स्पेक्ट्रममधला फरक) सरासरी १ डेसिबलच्या आसपास येतं. कागदावर हे उत्तमच. पण हेडफोन लावून ऐकलं की ‘खंय’, ‘थंय’ मधला नाकातला सूर जातो, शब्द बसक्या आवाजात येतो. डिझेल इंजिन चालू असेल तर आणखी वाईट. ट्रेनिंगमध्ये वाचून दाखवलेली प्रमाण मराठीच जास्त आहे, होडीवरचं बोलणं थोडंच. शिवाय काही सेल (एकेका व्हेक्टरच्या वाट्याला येणारे ट्रेनिंगचे गट) रिकामे राहतात.

इंजिनाच्या आवाजासकट ट्रेनिंग द्यावं का? आमच्याकडच्या माणसांचं बोलणं त्यांच्याच वळणाने ऐकू यावं, यासाठी हा सगळा खटाटोप आहे, त्यामुळे ‘समजतं ना, मग झालं’ हे उत्तर मला पुरणार नाही.

प्रतिसाद: ताई, कोडबुकाला हात लावण्याआधी क्वांटायझेशन (एलएसएफ जवळच्या व्हेक्टरवर बसवणं) बंद करून ऐका. अनुनासिकांच्या स्पेक्ट्रममध्ये खळगे असतात आणि एलपीसी फक्त शिखरं पकडतं. सूर तिथेच जात असेल तर कितीही व्हेक्टर वाढवा, परत यायचा नाही. सरासरीवर विसंबू नका. २ डेसिबलच्या वर गेलेल्या फ्रेम २ टक्क्यांपेक्षा कमी हव्यात, ४ च्या वर एकही नको. रिकाम्या सेलच्या जागी सर्वात गर्दीचा सेल दुभंगून टाका. इंजिनाचा आवाज मात्र कोडबुकाला शिकवू नका, एन्कोडरच्या आधीच गाळा.

धागाकर्ती: खूप आभार! बंद करून ऐकलं. ‘खंय’ थोडा बसका तरीही येतो, पण कोडबुकातून गेल्यावर जेवढा बिघडतो तेवढा नाही. वर गेलेल्या फ्रेम काढून पाहिल्या, त्यात अनुनासिकच जास्त आहेत. म्हणजे दोन्हीकडे काम आहे. पालीवाल आणि अटल यांनी १९९३च्या निबंधात एलएसएफ आणि कोडबुकातले व्हेक्टर यांतलं अंतर मोजताना शिखरांजवळच्या एलएसएफना जास्त वजन दिलंय. तसं केलं तर अनुनासिकांना फायदा होईल की उलट खळगे आणखी दुर्लक्षित होतील? कोणी करून पाहिलंय का?